मधल्या कड्या

कंपनीने दिल्या चारच कड्या,
कोपऱ्यांत चार.
मधला सगळा फाळका बोडका.

वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलमागे मोईनुद्दीन वेल्डर
खडूने फुल्या मारतो :
"इथं? की जरा पुढं?"
मी म्हणतो, थांब.
हौद्यात चढतो, उकिडवा बसून पाहतो
बाबल बसायचा तिथून.

दोन वर्षं तो मागेच बसला.
शिलाई मशीन, फ्रिज, कुणाच्या लग्नातलं कपाट.
दोर पुरला नाही की हात लावायचा,
"चल रे, मी धरलंय."
मी गिअर टाकायचो.
धरलंय म्हणाला ना.

चेंबूरकडे उतरताना, पुलाच्या वळणावर,
कपाट वीतभर सरकलं.
तेवढंच.
गिऱ्हाइकाने आधी आरसा पाहिला.
खरं सांगायचं तर मीही.

"नुसत्या पत्र्याला नको, उपटून येईल.
खालच्या आडपट्टीला धर."
"बारा एमएमची सळई घेतो," तो म्हणतो,
"हत्ती बांध."
मग काच तोंडावर ओढतो,
ठिणग्या उडतात, रंगाला फोड येतात,
कुठंतरी चप्पल जळल्याचा वास.

सहा कड्या. पैसे मोजताना विचारतो,
"तुझा तो पोरगा दिसत नाही?"
गावी गेलाय, कणकवलीला.
डाव्या हाताने जेवायला शिकतोय,
हे नाही सांगितलं.

शेवटची कडी अजून तापलेली.
बोट अडकवून ओढून पाहिली.
चटका बसला,
तरी आणखी एकदा ओढली.