सतरा नंबरचं तोंड

कोप्लीतल्या बंद पडलेल्या दोरखंडाच्या कारखान्यात
तिसऱ्या मजल्यावर समुद्र आहे.
दोन मीटर बाय सव्वा मीटर,
काचेवर ग्लिसरीन, खाली निळा कागद,
काठावर हाल्ल.
हाल्ल म्हणजे एस्टोनियनमध्ये करडा.

पटकथेत लिहिलंय:
हाल्लला ठाऊक नाही तो सील आहे की दगड.
सील त्याच्या पाठीला टेकून ऊन खातात,
दगड त्याच्याशी बोलत नाहीत
(पण दगड कुणाशीच बोलत नाहीत,
म्हणजे तो काही पुरावा नव्हे).
अकराव्या मिनिटाला तो पाण्यात बघेल,
ओळखेल, उडी मारेल. संगीत.
अशा सगळ्या सिनेमांत असं एक पाणी असतं,
नाहीतर आरसा, नाहीतर चांदणं,
आणि जो तो वेळेवर स्वतःला सापडतो.
मुलांना घरी जाऊन जेवायचं असतं.

ग्लाफिरा त्याला हलवते.
पापणी केसभर खाली. फोटो.
मान तांदळाएवढी डावीकडे. फोटो.
एका सेकंदासाठी बारा वेळा
ती त्याला हात लावते आणि चौकटीबाहेर होते.
दिवसाकाठी त्याचे चार सेकंद जगून होतात,
तिचे आठ तास.

पडद्यावर त्याची लव थरथरते.
वारा नाही. तिची बोटं आहेत ती,
प्रत्येक चित्रात वेगळ्या जागी टेकलेली.
"दर वेळी विंचर त्याला," दिग्दर्शिका उर्वे म्हणाली,
चष्मा कपाळावर.
मग चष्मा खाली घेऊन पुन्हा बघितलं.
"राहू दे. ज्याला आपण कोण ते माहीत नाही
तो स्वस्थ कसा बसेल?"

खणात हाल्लची चाळीस तोंडं,
राळेची, नखाएवढी, प्रत्येक ध्वनीला एक.
सतरावं त्या स्वराचं
ज्याला आपल्या बाराखडीत काना नाही, मात्रा नाही,
ओठ हसल्यासारखे ताणायचे
आणि हसायचं मात्र नाही.
त्यांच्या 'शब्द' या शब्दातच तो बसलाय,
चुकवून पुढे जाता येत नाही.

ग्लाफिरा नार्वाची.
नदीपलीकडे रशिया, अलीकडे तिची आई,
जी अजून रशियनमध्येच बटाटे घेते.
पासपोर्ट करडा:
ही कुठल्याच देशाची नागरिक नाही
असं नीटनेटकं छापलेलं, शिक्क्यासकट.
आपल्याकडे पोरं तळ्यात-मळ्यात खेळतात,
चुकेल तो बाद.
तिथे हा खेळ कचेरीत असतो,
नंबराची चिठ्ठी घेऊन, बसल्या बसल्या.

तो स्वर तिला शाळेत कधी आला नाही.
सतरा नंबर बसवताना
ती स्वतःचं तोंड तसं करून बघायची,
आणि एका रात्री, दिवे गेल्यावर,
ग्लिसरीनच्या समुद्रासमोर
तो तिच्या तोंडून सुटला.
कुणी ऐकला नाही.
पुन्हा करून बघितला. आला.

उडी नोव्हेंबरात चित्रित झाली.
टानेलने जोडताना मोजलं, एक सेकंद जास्त.
पाण्यात बघितल्यानंतर, ओळखायच्या आधी,
बारा चित्रं हाल्ल नुसता आहे.
काठावरचं एक वजन.
लवही थरथरत नाही;
म्हणजे त्या बारा वेळा
तिने त्याला हातच लावला नव्हता.
"कापू?"
उर्वे खिडकीत गाजर खात होती.
खात राहिली.
टानेलने कापलं नाही.

आता सगळं उतरवलंय.
कातडं सोललं, सांध्यांना तेल दिलं,
त्याच सांगाड्याचा वसंतात कोल्हा होणार.
तोंडं मोजून डब्यात भरली: एकोणचाळीस.
उर्वेने यादीवर चाळीस लिहिलं
आणि सही केली.

गुरुवारी तोंडी परीक्षा.
खोली क्रमांक सहा, पाण्याचा जग, दोन ग्लास.
कोटाच्या खिशात, अंगठ्याखाली,
नखाएवढं काहीतरी फिरतंय.
समोरच्या बाईंनी रेकॉर्डर सुरू केला,
तारीख सांगितली,
म्हणाल्या, थोडं स्वतःबद्दल बोला.