उपडा हंडा

केस्लर म्हणजे तांबट.
निळ्या ढालीवर एक हंडा, कडी वर,
एवढंच त्यांचं कुलचिन्ह.
सिंह नाही, गरुड नाही.
तीनदा रंगवलाय मी तो
चर्चच्या उत्तरेच्या भिंतीवर,
आणि दर खेपेला लेओनहार्ट
खाली शिडी धरून:
"तांबूस हवा रे, तपकिरी नको."

मंगळवारी तो गेला.
आता केस्लर कुणी उरला नाही,
असं नोंदवही म्हणते.
पहिल्या बाकावर त्याच्या तीन मुली,
उर्सिना, रेगुला, मेंगिया,
मागे नऊ नातवंडं,
सगळ्यांची हनुवटी तीच, रुंद.
आडनावं निराळी.

नाव संपलं की ढाल उलटी टांगायची,
आमच्या खोऱ्यातली जुनी रीत.
पाद्रीबाबांनी खूण केली.
मी चढलो, खिळा सोडवला,
फिरवली.
ढालीचं टोक छताकडे,
हंड्याचं तोंड खाली.
वाटलं, आता काहीतरी सांडेल.
पाचशे वर्षांचं काहीतरी.
काही सांडलं नाही.
कुणीतरी हुंदका दिला, बहुधा मीच.

मेंगिया तेवढी मान वाकडी करून
बघत राहिली.
हॉटेलात भांड्यांवर असते ती,
हात कोपरापर्यंत लाल.
"बरोबर आहे," म्हणाली,
"घासलेला हंडा असाच ठेवतात,
नितळायला."

उतरताना पाहिलं,
शिडी कुणीतरी धरली होती.
सहा-सात वर्षांची पोर,
रेगुलाची नात असावी.
वर बघत म्हणाली,
"तपकिरी दिसतोय."