छाट

चार पिना, नंबर सहाशे बारा.
बूट पुतण्याचे, टोकाला चिंधी कोंबलेली.
शिट्टी झाली नि सगळ्या पुढे गेल्या;
माझ्या मागे फक्त पाण्याचा टेम्पो
आणि साडेसातलाच तापलेलं सोलापूर.

तीस वर्षं मांडीवर सूप.
पावलंही विड्यांसारखीच मोजली:
पंचवीस झाली, दोरा.
पंचवीस झाली, दोरा.

सात रस्त्याला बरगडीत कळ.
बसावं म्हटलं तर नरसम्मा फूटपाथवरून
तिच्या तेलुगूत ओरडली, "उरुकू, उरुकू!"
पळ म्हणत होती.
मला ऐकू आलं: उरक.

उरकलं.
फीत केव्हाच गुंडाळून झालेली.
एका पोरीनं पदक गळ्यात घातलं.
कारखान्यात हजारामागे पन्नास तरी
मुकादम बाजूला काढतो.
सवयीनं विचारलं,
"छाट किती?"
ती म्हणाली,
"केळी संपली, मावशी."