खाल्ल्या मिठाला

उद्यमनगरात, गल्लीच्या पार टोकाला
दस्तगीर मुल्लाणींच्या शेडमध्ये
भंगारातल्या ट्रकच्या टर्बोचार्जरला
आम्ही पोलादी नळकांडं जोडलं,
आत आग राहावी म्हणून.
मिस्त्री त्याला जठर म्हणतात.

मी तापमापीपाशी, वही घेऊन.
‘लिवलंस का गं?’
‘लिवतो की काका,’ मी म्हणते;
आमच्याकडं पोरी असंच बोलतात.

सुरुवात रॉकेलवर. रॉकेलवर कुणीही सुरू होतं.
ब्लोअरनं वारा घातला, ठिणगी दिली,
भप्प झालं, आणि मग शिट्टी,
आधी कुकरची, नंतर
कानाच्या पलीकडं निघून जाणारी.
मिनिटाला सत्तर हजार फेरे.
समोरच्या फाउंड्रीतला बाबगोंडा
कानात कापूस कोंबून दारात उभा राहतो,
रोज तेच विचारतो:
‘आज काय जेवाण?’

आज काय, उद्या काय.
डिझेल तर घरचंच.
कारखान्यावरनं इथेनॉल आलं,
पातळ, बोटावरून बघता बघता उडणारं.
दीडपटीनं पाजावं लागलं
आणि तिसऱ्या दिवशी पंप धरला.
दारूला ओशटपणा नसतो, मिस्त्री म्हणाले,
बोलते गोड, पण हात फिरवत नाही पाठीवरून.

करंजाचं तेल राधानगरीकडचं,
पहाटेच्या गारठ्यात हलायलाच तयार नाही.
धुराच्या नळीला तांब्याचा पाइप गुंडाळला,
त्यातून फिरवून आणलं,
तिच्याच उबेनं तिलाच भरवलं.

आणि डिस्टिलरीच्या सांडपाण्याचा गॅस!
शिरोळहून, रबरी पिशव्यांत, टेम्पोवर.
ड्रायव्हर दर गतिरोधकाला जोतिबाचं नाव घेत आला.
निम्मा त्यात नुसताच फुगवटा, न जळणारा;
भोकं मोठी करावी लागली,
आणि सडक्या अंड्यांचा तो वास
लेथच्या गंजक्या किसातून गाळून काढला.
दोनदा ज्योत विझली.
ती शांतता मला अजून आठवते,
चाक फिरत होतं, आणि आत कुणी नव्हतं.

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, वड्याचं तेल.
गंगावेशीत रंगूताईंच्या गाड्यावरनं
डबाभर काळंमिट्ट,
किती घाणे तळून झालेले त्यालाच ठाऊक.
जुन्या धोतरातून गाळलं, तापवलं,
रॉकेल थेंबाथेंबानं कमी करत
हे थेंबाथेंबानं वाढवत नेलं.
तिला कळलंही नाही.
सहाशे बारा अंश, काटा दगडासारखा.
गल्लीभर वड्याचा वास सुटला,
दोघंजण प्लेट किती विचारून गेले.
बाबगोंडा म्हणाला, नाद खुळा.
चाळीस तास चालली,
माझ्या वहीतलं सगळ्यांत सुंदर पान ते,
एकही खाडाखोड नाही.

एकेचाळिसाव्या तासाला उघडून पाहिली.

पात्यांवर पांढरट खरपुडी,
कडा देवीचे व्रण असल्यागत खाल्लेल्या.
मिस्त्रींनी भिंग लावलं, बराच वेळ.
‘मीठ,’ म्हणाले.

रंगूताईंच्या हातचं,
चिमटी चिमटी पिठात पडलेलं,
तळताना तेलात उतरलेलं,
गाळणीला न सापडलेलं.
ज्योतीनं काही विचारलं नव्हतं,
ज्योत कुणाला काही विचारत नाही,
आलं ते घेते, मोकळी होते.
पातं मात्र
खाल्ल्या मिठाला जागलं.

मी वहीतल्या त्या सुंदर पानाच्या समासात
‘मीठ’ लिहिलं आणि तारीख.

आता शेडच्या मागं तीन पिंपं आहेत.
तेलात गरम पाणी ओतायचं, ढवळायचं,
रात्रभर निवळू द्यायचं, खालची तोटी सोडायची.
प्रयोगशाळेचा कागद यायला आठवडा लागतो,
म्हणून मिस्त्री सकाळी आले की
तोटीखाली करंगळी धरतात,
जिभेला लावतात, डोळे मिटतात.
बाबगोंडा कापूस हातात घेऊन थांबलेला.
मी पेन उघडून.

‘आजून एक पाणी,’ मिस्त्री म्हणतात.