नितळ

पाठीच्या कण्यातून काढलेलं पाणी
नितळ आहे की गढूळ, हे बघायची
डॉक्टर न्यिरोंगोंची एक रीत होती :
काचेची नळी वर्तमानपत्रावर धरायची
आणि पलीकडची अक्षरं मोठ्यानं वाचायची.

म्झुझूच्या इस्पितळात, मागच्या खोलीत,
सूक्ष्मदर्शकापाशी मी. चोवीस वर्षं.
रद्दीचा गठ्ठा आणणंही माझ्याचकडे.

"करोंगाच्या संघानं दोन गोल खाल्ले."
वाक्य पुरं झालं की माझा जीव भांड्यात.
तरी थेंब काचेवर यायचाच,
वाचलं म्हणून सुटला, असं नव्हतं.

"तंबाखूचा भाव पुन्हा उत..."
आणि त्या थांबल्या, तर समजायचं.
मग सुई, औषध, फ्रिजची किल्ली कुणाकडे,
आणि व्हरांड्यात चितेंजे अंथरून बसलेली आई,
जिला अजून कुणी काही सांगितलेलं नाही.

सुरुवातीच्या वर्षांबद्दल त्या बोलत नाहीत.
एका खाटेवर तीन पोरं,
आजाराचं नाव रजिस्टरात पेन्सिलीनं,
आणि औषध समुद्रापलीकडे कुठल्याशा देशात.
एकदाच म्हणाल्या, "वजन करायचे रे, म्बवाना.
दुसरं करण्यासारखं होतंच काय?
रोज वजन करायचे. वाटायचं,
काट्यानं एकदा तरी खोटं बोलावं."

पुढे गोळ्या आल्या.
त्या पोरांतली एक तवोंगा, तेव्हा साडेसहा किलोची,
आता न्खाता बेच्या काठावर उसिपा वाळवून विकते.
डॉक्टर गेल्या की पैसे घेते. पुरे घेते.
वर एक मासळी टाकत नाही.
हे त्या नव्या डॉक्टरांना इतक्यांदा सांगतात
की पोरं एकमेकांकडे बघून हसतात.

परवा मंगळवारी
पाच महिन्यांच्या पोराची नळी त्यांनी कागदावर धरली.
बराच वेळ धरली.
"गढूळ," म्हणाल्या, आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

मी थेंब घेतला. पेशी मोजल्या. पुन्हा मोजल्या.
दोन. दोन म्हणजे काहीच नाही.
नळी त्याच कागदावर मी धरली,
साखरेच्या टंचाईची बातमी होती,
जोडाक्षरांसकट दिसत होती.

"डॉक्टर, पाणी नितळ आहे."
चोवीस वर्षांत त्यांना खोडून काढण्याची ही पहिली वेळ,
आणि आवाज माझाच कापला.

त्यांनी खिडकीकडे पाहिलं.
एक डोळा झाकला. उघडला. मग दुसरा.
"मोतीबिंदू," म्हणाल्या,
खाटेचा नंबर सांगावा तशा.
"दोन्हीकडे. डावा जास्त."

मग नळी माझ्या हातून घेऊन
पुन्हा एकदा उजेडाकडे धरली,
जरा हसल्या, की मला तसं वाटलं.

"बरं, मग पोराला ताप कशाचा?
कान बघितले का कुणी?"
वॉर्डाकडे निघाल्या. दारात थबकल्या.
"आणि साखरेचं काय म्हणतोय तो?
वाच की पुढे."