सोय

कुठंही जायचं म्हटलं की आईचा पहिला प्रश्न,
"तिथं सोय आहे का?"
जेवणाची नव्हे, झोपायची नव्हे,
हे आमच्या घरात कुणाला फोडून सांगावं लागत नाही.

महाबळेश्वर राहिलं. वेरूळ राहिलं.
पोलादपूरला मावसभावाचं लग्न
अक्षता पडल्या तिथंच संपलं तिच्यापुरतं.
आणि यंदा, काजव्यांसाठी भंडारदऱ्याला तंबू टाकू म्हटलं,
तर बशी पुसता पुसता म्हणाली,
"जा तुम्ही. मी बघितलेत काजवे लहानपणी."

म्हणून ही शनिवारची दुपार, अब्दुल रहमान स्ट्रीट,
जुझरभाईंचं दुकान.
दोऱ्या, हूक, गॅसबत्त्या,
छताला वटवाघळांसारख्या लोंबणाऱ्या स्लीपिंग बॅगा
आणि फरशीवर ओळीनं मांडलेले संडास.
जुझरभाई त्यांना 'युनिट' म्हणतात.

पहिलं म्हणजे नुसती बादली, वर सीट.
"ही आमच्या माळ्यावर आहे, बिनझाकणाची."
दुसरं घडीचं. पाय उघडायचे, खाली पिशवी अडकवायची.
"आणि पिशवी? ती कोण उचलणार?"
जुझरभाई पंख्याकडे बघू लागले.

एकतीस वर्षं पालिकेच्या घनकचरा खात्यात
पहाटपाळीची हजेरी उतरवून घेतलेली बाई.
कोण उचलणार, हे ती देवळातल्या प्रसादाच्या द्रोणाबद्दलही विचारते.

तिसरं दोन मजली. वर पाणी, खाली टाकी,
मध्ये एक सरकती पट्टी आणि निळं औषध,
ज्याला कच्च्या पेरूचा वास येतो असं जुझरभाईंचं मत.
"भरलं की?"
"घरी आणायचं, मॅडम. आपल्याच संडासात ओतायचं."
"म्हणजे आपलं आपण."
"आपलं आपण."
"मग दाखवा."

वजन किती पेलेल, तर एकशेतीस किलो.
आईनं चपला काढल्या, पदर खोचला
आणि भर दुकानात त्यावर बसली.
मांडीवर पर्स, डॉक्टरकडे नंबर लावल्यासारखी.
बाहेर हातगाडीवाला खोळंबला, चहावाल्या पोराचे ग्लास किणकिणायचे थांबले.
मला कुठं बघावं कळेना,
मी एका कंदिलाची किंमत विचारली.

तिनं गुडघे वाकवून बघितले, उठून बघितलं,
पुन्हा बसली.
"दोन बोटं उंच चाललं असतं."
मग, कुणाला उद्देशून ते कळलं नाही,
"आमच्या ऑफिसात लेडीजची चावी दिघ्यांच्या ड्रॉवरात असायची.
मागितली की ते चष्मा काढायचे,
घड्याळ बघायचे,
मग ड्रॉवर."
जुझरभाईंनी बिलबुक मिटलं.
"मी मागणंच सोडलं. सकाळी अर्धा कप चहा,
मग थेट सव्वासातला घरी."

मला आठवला तो सव्वासातचा दरवाजा.
पर्स माझ्या अंगावर टाकून ती आत पळायची
आणि मी रुसायचे,
की ही आल्या आल्या मला जवळ घेत नाही.

सात हजार दोनशेचं साडेसहाला तुटलं,
निळी बाटली वरती फुकट.
टॅक्सीत खोकं आम्हा दोघींच्या मांडीवर.
प्रभादेवी येईपर्यंत ती त्यावरचं इंग्रजी
एकेक अक्षर बोटानं वाचत होती.
शेजारच्या ताम्हाणेबाईंनी जिन्यात विचारलं, "मिक्सर का?"
"हो," आई म्हणाली. "मोठ्ठा."

शुक्रवारी पहाटे पाचला गाडी खाली लावली.
डिकीत तंबू, तांदूळ, कांदे, युनिट.
सगळे बसले, आई कुलूप लावायला मागं.
हॉर्न वाजवणार, तर वर बघते
स्वयंपाकघरातला विझवलेला दिवा परत लागलेला,
आणि खिडकीत ती, प्रवासाची साडी नेसून, उभ्यानंच,
मान मागं टाकून
तांब्याभर पाणी पितेय.
घटाघट.
थांबून पुन्हा भरून घेतेय.