सात बाटल्या

शाळेच्या प्रयोगशाळेत काचा धुते मी. तिथून उरलेल्या
सात बाटल्या आणल्या,
बोटाएवढ्या, तळाशी कसलीशी पूड.
विज्ञानाच्या मॅडम म्हणाल्या,
पाणी भरा, झाकण लावा, एक दिवस थांबा,
काळं पडलं तर समजा.
काय समजायचं ते त्यांनी सांगितलं नाही.
गेल्या वैशाखात रेवतीच्या डोळ्यांत हळद उतरली होती,
त्यामुळे मीही विचारलं नाही.

गोळीबार चौकामागे आमची गल्ली.
नळ पहाटे साडेचारला येतो.
आधी खोकतो, मग गढूळ थुंकतो,
मग अर्धा तास बरा वागतो.
तेवढ्यात गुंड, गंज, बादल्या, कुलरची टाकी
आणि सुलोचना हेडाऊच्या मोटारीशी भांडण.
"थे मोटार बंद कर वं बाई, आमच्या नळाले धार नाही!"
"माह्याच मोटारीवर डोळा काहून तुमचा?"

पाणी पेंचेहून येतं म्हणतात,
वाघ जिथे वाकून पितो तिथून.
एवढी लांबची वाट नीट चालत येतं
आणि शेवटच्या दहा हातांत,
जिथे नळी नालीला खेटून जाते,
तिथे बिघडतं.
आमच्या धाकट्या दिरासारखं.

काविळीत सगळ्यांनी सगळं सांगितलं.
सासूबाईंनी तुरटी दिली, सात वेळा फिरव म्हणाल्या.
फिरवली. गाळ बसला, पाणी आरसा झालं.
डॉक्टर म्हणाले, आरसा पिऊ नका,
दिसतं ते खाली बसतं,
दिसत नाही ते तसंच पोहत राहतं. उकळा.

मग मी उकळू लागले.
सासऱ्यांनी मागावर विणलेलं शेवटचं लुगडं,
त्याची चार पदरी घडी गंजाच्या तोंडावर,
आणि सेहेचाळीसच्या पाऱ्यात, पंखा बंद करून,
आधीच तापलेल्या पाण्याला आणखी तापवत उभी.
खळखळा उकळलं तरी लगेच उतरवायचं नाही.
सिलिंडर आठ दिवस आधी संपू लागला.
नवरा काही बोलला नाही,
फक्त तारीख कॅलेंडरवर मोठी लिहू लागला.

आता त्या बाटल्या.
दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खिडकीत ओळीने पाहिल्या.
नळाची काळी.
नईमभाईच्या टँकरची काळी.
पराते मास्तरांच्या विहिरीची, औषधाचे थेंब टाकून
घड्याळ लावून अर्धा तास थांबलेली, स्वच्छ.
हेडाऊबाईंच्या चौदा हजारांच्या मशीनची
काळी. शाईसारखी.
माझ्या उकळलेल्या गंजातली स्वच्छ.
माझ्या माठातली

मी दिवा लावून पुन्हा पाहिली.

काळी.

तेच पाणी. गंजातून माठात, मधे फक्त एक दिवस.
ओट्याला टेकून बसले आणि तो दिवस आठवत गेले:
रेवती लगोरी टाकून धावत आली,
पेला बोटांसकट बुडवला, एका दमात प्याली,
आणि "आई गं" म्हणाली, जसं पाणी प्यायल्यावरच म्हणतात.
सासूबाईंनी बुडवला. नवऱ्याने बुडवला.
आणि मी, कणकेच्या हाताने, दोनदा.

रात्री हेडाऊबाई आल्या, पदराआड बाटली लपवून.
"सांगू नको वं कोणाले. तीन वर्षं झाले,
त्या मशीनीच्या आतलं काही बदललंच नाही."
"माह्या माठाचंही काळंच निघालं, बाई."
दोघी हसलो नाही. पण त्या बसल्या.
चहा केला. उकळलेला, म्हणून निर्धास्त.

माठ गरम पाण्याने घासला, गच्चीत उन्हाला पालथा घातला.
सासरे ज्याने सावजी रस्सा वाढायचे
ते लांब दांड्याचं ओगराळं
लिंबू लावून लख्ख केलं, माठाजवळ खिळ्याला टांगलं.
रेवती म्हणाली, "पाण्याले रश्श्याचा वास येईल."
आला तर येऊ दे.

सातवी बाटली काल भरली, नव्या माठशिस्तीची.
पहाटे नळ खोकला तेव्हा जाग आली.
पलीकडे मोटार बंद होती, पहिल्यांदाच.
खिडकीत अंधार, बाटली तिथेच,
रंग दिसत नव्हता.
दिव्याच्या बटणाकडे गेलेला हात
मागे घेतला,
आणि आधी धुतला.